उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजू नका: एकदम जास्त मीठ पोटात गेलं तर काय होतं आणि काय करायचं

शेंगा चटणी आणि कडक भाकरी खाऊन कुणाला मिठाची विषबाधा होत नाही. पाव किलो शेंगदाण्यांच्या चटणीत चहाचा एक सपाट चमचा मीठ पडतं. ताटात वाढलेल्या दोन चमचे चटणीतून पोटात जातं जेमतेम अर्धा ग्रॅम. आमटी खारट झाली तर माणूस पहिल्याच घासाला तोंड वाकडं करतो आणि वाटी बाजूला सारतो. जीभ हा पहारा चोख देते.

खरा धोका असतो तो जिभेला न जुमानता मीठ पोटात ढकललं जातं तेव्हा. विष प्यायलेल्याला उलटी व्हावी म्हणून पाजलेलं मिठाचं पाणी, दारू उतरवण्यासाठी नाक दाबून पाजलेला पेला, पोरांनी पैजेवर खाल्लेली मीठाची मूठ, साखर समजून बाळाच्या दुधात पडलेलं मीठ, एक लिटरची ओआरएसची पुडी एकाच पेल्यात कालवणं. यातल्या बहुतेक गोष्टी भल्यासाठीच केल्या जातात. म्हणूनच त्या अजून चालू आहेत.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, ते बीपी आणि हृदयविकार टाळण्यासाठी. तो हिशेब वर्षांचा आहे. इथे बोलतोय ते काही तासांत जिवावर बेतणाऱ्या मिठाबद्दल.

किती म्हणजे जास्त?

आधी चमचे नीट समजून घ्या, कारण निम्मा घोटाळा तिथेच होतो. चहाच्या चमच्यात सपाट भरलं तर बारीक मीठ 5 ते 6 ग्रॅम बसतं. पोह्याचा मोठा चमचा साधारण टेबलस्पूनएवढा धरला तर त्यात 15 ग्रॅमच्या पुढे. शिगोशीग भरला की हे माप दीडपट-दुप्पट होऊ शकतं. चिमूट म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आत. खडे मीठ, सैंधव, पादेलोण यांतही मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड असतं. सैंधव ‘सौम्य’ असतं असं समजून ते दुप्पट घालणाऱ्यांना एवढंच सांगायचं की शरीर दगडाचा रंग बघत नाही.

घातक मात्रा साधारणपणे वजनाच्या दर किलोला अर्धा ते एक ग्रॅम मीठ, इथून पुढे धरली जाते. म्हणजे 10 किलोच्या मुलाला चहाचा एक चमचा धोक्याच्या हद्दीत नेतो आणि 60 किलोच्या माणसाला पोह्याचे दोन. काही जण यापेक्षा जास्त मीठ जाऊनही वाचतात, विशेषतः लगेच भडाभडा उलटी झाली तर. पण मोठ्या माणसांचे मृत्यू चार टेबलस्पूनच्या आतल्या मिठानं झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत, तेव्हा ‘कुणीतरी वाचलं होतं’ यावर विसंबू नये.

आमचा व्यवहारी नियम असा: पाच वर्षांखालच्या मुलानं चहाचा अर्धा चमचा कोरडं मीठ गिळलं असेल तर डॉक्टरला फोन, एक चमचा गिळलं असेल तर थेट दवाखाना. मोठ्या माणसात एक मोठा चमचा गेला तर डॉक्टरला विचारा, दोन गेले तर लक्षणांची वाट न बघता निघा. वजन कमी, वय जास्त, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर हे आकडे निम्मे धरा.

आत काय होतं

रक्तात सोडियमचं प्रमाण लिटरला 135 ते 145 मिलिमोल (क्षार मोजायचं एकक) असतं आणि शरीर ते फार काटेकोरपणे सांभाळतं. 160 च्या वर गेलं की प्रकरण गंभीर. एक ग्रॅम मिठातून सुमारे 17 मिलिमोल सोडियम मिळतं. 10 किलोच्या मुलाच्या अंगात साधारण 6 लिटर पाणी असतं. त्याच्या पोटात 5 ग्रॅम मीठ जाऊन राहिलं, तर 85 मिलिमोल सोडियम 6 लिटरमध्ये विभागलं जाऊन पातळी 14 नं चढते. म्हणजे 140 ची 154. दोन चमचे गेले तर 168.

रक्त खारट झालं की पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं तसं. मेंदूच्या पेशीही आक्रसतात. मेंदू आकसला की त्याला कवटीकडच्या आवरणाशी जोडणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात, तुटतात आणि आत रक्तस्राव होतो. मीठ हळूहळू वाढलं तर मेंदूला एक-दोन दिवसांत जुळवून घेता येतं. एकदम वाढलं तर त्याला तेवढा वेळच मिळत नाही. किडनी जास्तीचं सोडियम लघवीतून काढते खरी, पण त्यासाठी तिला पाणी लागतं आणि तास लागतात. तान्ह्या बाळाची किडनी तर या कामात अजून कच्ची असते.

अर्ध्या तासापासून काही तासांत लक्षणं दिसू लागतात. आधी न भागणारी तहान, मळमळ, उलट्या, कधी जुलाब. मग डोकेदुखी, चिडचिड, अंगाला बारीक झटके, बरळणं, गुंगी, फिट, बेशुद्धी. बाळाला तहान सांगता येत नाही. ते टिपेच्या सुरात रडत राहतं, दुधावर तुटून पडतं आणि मग अचानक सुस्त होतं. बाळ शांत झोपलं म्हणून निश्चिंत होण्याची चूक इथेच होते.

विष, दारू, साप आणि मिठाचं पाणी

सोलापूर जिल्हा डाळिंब, द्राक्ष आणि उसाचा. फवारणीची औषधं घरात, गोठ्यात, मोटारीच्या खोलीत असतात. कुणी ती चुकून किंवा रागाच्या भरात प्यालं, की शेजारपाजारचा पहिला सल्ला ठरलेला: मिठाचं पाणी पाजा, उलटी होऊ दे. एक पेला पाजतात, उलटी झाली नाही की दुसरा, मग तिसरा.

याचा हिशेब मांडून बघा. 45 किलोच्या बाईच्या अंगात साधारण 22 लिटर पाणी. पेल्यात पोह्याचे दोन चमचे, म्हणजे 30 ग्रॅम मीठ. उलटी न होता ते सगळं आत राहिलं तर एका पेल्यानं सोडियम 23 नं वाढतं, 140 चं 163. तिसऱ्या पेल्यानंतर तिला फवारणीच्या औषधानं मारलं की मिठानं, हे ठरवणं अवघड. मिठाचं पाणी उलटीची खात्री देत नाही. उलटी झाली तरी विष पूर्ण निघत नाही, आणि जे मीठ आत राहतं ते शोषलं जातंच. शिवाय फवारणीच्या औषधानं माणूस गुंगीत जात असतो. अशा वेळी उलटी छातीत उतरली तर फुप्फुसं निकामी होतात. रॉकेल प्यालेल्यात हा धोका आणखी मोठा. संडास साफ करायचं अ‍ॅसिड प्यालेल्याची अन्ननलिका जाताना एकदा भाजलेली असते, उलटी काढलीत तर येताना पुन्हा भाजते.

म्हणून विष कुठलंही असो, उलटी काढायची नाही. मिठानं नाही, साबणानं नाही, घशात बोटं घालून नाही. माणूस शुद्धीत असो वा नसो, डाव्या कुशीवर निजवा. कपड्यांवर औषध सांडलं असेल तर हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून कपडे काढा, अंग धुवा. बाटली लेबलसकट बरोबर घ्या आणि 108 ला फोन करा. पोट धुवायचं की नाही, अ‍ॅट्रोपिन (फवारणीच्या काही औषधांवरचा उतारा) द्यायचं की नाही, हे लेबल बघून दवाखान्यात ठरतं.

साप चावल्यावर मिठाचं पाणी पाजणं तर आणखी निरर्थक. ते विष पोटात नसतंच, उलटीनं निघणार काय? दारूचंही तसंच. ती लिव्हर आपल्या गतीनं उतरवतं, मीठ त्याला मदत करत नाही, आणि झिंगलेल्या माणसाला जबरदस्तीनं पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जायला वेळ लागत नाही. दृष्ट काढायची असेल तर मीठ-मोहऱ्या खुशाल ओवाळून टाका, ते मीठ कुणाच्या पोटात जात नाही. पण अंगात आलेल्या किंवा फिट आलेल्या माणसाला कुणी मंतरलेलं मिठाचं पाणी पाजायला निघालं, तर तिथे भीड ठेवू नका.

मीठ गेलंच असेल तर

तोंडात उरलेलं मीठ थुंकायला लावा, चूळ भरवा. लहान मूल असेल तर ओल्या फडक्यानं तोंड पुसून काढा.

माणूस पूर्ण शुद्धीत असेल, बोलत असेल आणि नीट गिळत असेल तर साधं पाणी घोट-घोट द्या, निघायची तयारी करता करता. अंगावरचं बाळ असेल तर अंगावर पाजा. एका दमात तांब्याभर पाणी पाजू नका. पोट आधीच डिवचलेलं असतं, सगळं उलटून पडेल. हृदयाचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर पाणी किती द्यायचं ते फोनवर डॉक्टरला विचारूनच.

ताक, लिंबू सरबत, सोडा, ओआरएस यातलं काही देऊ नका, या सगळ्यांत पुन्हा सोडियम आहे. साखर-गुळानं मीठ ‘कटत’ नाही, ते फक्त जिभेला लागेनासं होतं. गुंगी असेल, फिट चालू असेल तर तोंडातून थेंबही नको. कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवा, दातांत चमचा घालू नका.

निघताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: किती चमचे, किती वाजता, माणसाचं वजन किती. मीठाची बरणी किंवा पुडी बरोबर न्या. किती गेलं हे उरलेल्यावरून कळतं.

जायचं कुठे? जिथे रक्तातलं सोडियम लगेच तपासता येईल तिथे. गावातल्या छोट्या दवाखान्यात ही सोय नसेल तर तिथे तासभर घालवू नका. सोलापूर शहरात आणि आसपास असाल तर सिव्हिल, पंढरपूर-अकलूजकडे असाल तर तिथलं उपजिल्हा रुग्णालय. 108 वाल्यांना ‘मीठ जास्त गेलंय’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘उलट्या होताहेत’ म्हटलंत तर सगळे जुलाब-उलटीच्या वाटेनं जातात.

आणि दवाखान्यात पोचल्या पोचल्या ‘आधी एक सलाईन लावा’ असा आग्रह धरू नका. नॉर्मल सलाईनच्या एक लिटर बाटलीत 9 ग्रॅम मीठ असतं. या पेशंटला सहसा मीठ नसलेलं पाणी लागतं, म्हणजे 5 टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं पाणी). ते किती वेगानं द्यायचं हे मीठ कधी गेलं यावर ठरतं. म्हणून तर वेळ लिहून न्यायची. काही तासांपूर्वीचं असेल तर सोडियम भराभर उतरवता येतं. अमेरिकेत एका 19 वर्षांच्या मुलानं पैजेवर जवळपास लिटरभर सोया सॉस प्यायला होता. त्याचं सोडियम 196 पर्यंत गेलं होतं. डॉक्टरांनी अर्ध्या तासात 6 लिटर डेक्स्ट्रोजचं पाणी दिलं आणि तो धडधाकट घरी गेला. 2013 साली ही केस छापून आली. पण सोडियम दोन दिवसांहून जास्त काळ चढलेलं असेल तर मेंदूनं त्याच्याशी जुळवून घेतलेलं असतं, मग घाईनं उतरवलं की मेंदूला सूज येते. अशा वेळी 24 तासांत 10-12 मिलिमोलच्या आतच उतरवतात. पेशंट डोळे उघडून बोलायला लागला तरी डॉक्टर दर काही तासांनी रक्त काढत असतील तर त्याचं कारण हे.

ओआरएस: पुडी बरोबर, पाणी चुकीचं

मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवं. ओआरएसच्या मोठ्या पुडीत 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट असतं, आणि ती 1 लिटर पाण्यासाठी असते. तशी कालवली तर सोडियम लिटरला 75 मिलिमोल, रक्ताच्या निम्म्याच्या आसपास. हीच पुडी 200 मिलीच्या पेल्यात ओतली की सोडियम 375 होतं. रक्ताच्या अडीचपटीहून जास्त. जुलाबानं आधीच सुकलेल्या पोराला हे पाजणं म्हणजे आगीत तेल. बाजारात 200 मिलीची छोटी पुडीही मिळते, म्हणून गल्लत होते. पुडी फोडण्याआधी तिच्यावरचा पाण्याचा आकडा वाचा. वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून पेनानं मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

पाणी मोजायला तांब्या वापरू नका, प्रत्येक घरचा तांब्या वेगळा. 1 लिटरची पाण्याची बाटली वापरा. पाणी आधी उकळून गार करा, पुडी नंतर टाका. टाकल्यावर उकळत ठेवलं तर पाणी आटून द्रावण घट्ट होतं. अर्धी पुडी ‘अंदाजानं’ अर्ध्या लिटरला टाकू नका, क्षार पुडीत सारखे पसरलेले नसतात. बोअरचं पाणी मचूळ असेल तर ओआरएससाठी नळाचं किंवा फिल्टरचं घ्या. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्या-चमच्यानं. 24 तासांनी उरलेलं ओतून द्या.

पुडी नसेल तर घरचं माप: 1 लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. हे आकडे उलटे लक्षात राहिले तर काय होईल बघा, सहा चमचे मीठ म्हणजे 30 ग्रॅम. चव हा सोपा ताळा: द्रावण डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. आधी स्वतः चाखा, मग पाजा.

ऊन, यंत्रमाग आणि ‘बीपी लो’

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 43-44 ला टेकतो, त्यात पत्र्याच्या शेडमध्ये माग चालवणाऱ्याचा घाम मोजायलाच नको. घामातून मीठ जातं हे खरं, पण पाणी त्याहून कितीतरी जास्त जातं. घाम रक्तापेक्षा अळणी असतो. म्हणून डबा उघडून चिमटीभर कोरडं मीठ तोंडात टाकणं किंवा उपाशीपोटी मिठाच्या गोळ्या गिळणं चुकीचं. आधी पाणी. पाळीभर घाम गाळत असाल तर मधूनमधून ओआरएस, नाहीतर लिटरभर पातळ ताकात चहाचा अर्धा चमचा मीठ. जेवणात नेहमीचं मीठ असतंच.

चक्कर आली की ‘बीपी लो झालं’ असं ठरवून मीठ-पाणी पाजणं हाही आपल्याकडचा पाठ. चक्कर आलेला माणूस शुगरचा पेशंट असेल, घाम फुटून थरथरत असेल आणि गिळत असेल तर त्याला साखर लागते, मीठ नव्हे. बाकीच्यांना आडवं करून पाय उंच करा, बीपी मोजा. बीपीची गोळी घेणाऱ्याला उगाच खारट पाणी पाजून आकडा उलट्या टोकाला नेऊ नका.

शंखप्रक्षालन आणि कुंजल या योगातल्या पोटशुद्धीच्या क्रियांत कोमट मिठाचं पाणी पेल्यामागून पेले प्यायचं असतं. व्हिडिओ बघून घरी करण्याची ही गोष्ट नाही. मीठ जास्त पडलं, पोटात राहिलं, वरून साधं पाणी वर्ज्य केलं, की वर सांगितलेलं सगळं घडू शकतं. बीपी, हृदय, किडनी, गरोदरपण यांत तर नावही काढू नका.

स्वयंपाकघरात

1962 साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन इथे रुग्णालयातल्या बाळांच्या दुधात साखरेच्या डब्यात भरलेलं मीठ पडलं आणि सहा बाळं दगावली. नर्स असलेल्या ठिकाणी हे झालं, आपल्या ओट्यावर व्हायला कितीसा वेळ! पिठीसाखर आणि बारीक मीठ दिसायला सारखेच. मीठ चिनीमातीच्या बरणीत आणि साखर स्टीलच्या डब्यात, असा भांड्याचाच फरक ठेवा, नुसत्या चिठ्ठीवर भरवसा नको. बाळाच्या दुधात किंवा पेजेत काहीही घातलं की पहिला चमचा आपल्या तोंडात. वर्षाखालच्या बाळाला वरून मीठ लागत नाही, वरणाच्या पाण्यातही नाही. डब्याच्या दुधात ‘अंगाला लागावं’ म्हणून एक माप जास्त पावडर घालणंही याच वाटेनं जाणारं. बरणी ओट्याच्या कडेला नको, रांगतं पोर मीठ चाटत नाही, मूठ भरून तोंडात कोंबतं.

महाप्रसादाच्या कढईत मीठ कुणी एकानंच घालायचं. दोघांनी घातलं की आमटी हाताबाहेर जाते. तेव्हा बटाटा टाकून काही साधत नाही, तो थोडी आमटी पितो इतकंच. पाणी आणि बिनमिठाची डाळ वाढवणं हाच उपाय.

राहता राहिले हृदय आणि किडनीचे पेशंट. त्यांना विषबाधेएवढं मीठ लागतच नाही. थंडीत शेतावर हुरडा, सोबत शेंगा चटणी, खर्डा, मिठाचं ताक, रात्री लग्नात पापड-लोणचं, असा एक दिवस पुरतो. अंगात अडकलेलं 9 ग्रॅम मीठ आपल्याबरोबर सुमारे 1 लिटर पाणी धरून ठेवतं. निरोगी माणसाची बोटं सकाळी जरा जड वाटतात, अंगठी रुतते, दोन दिवसांत उतरतं. हृदय कमजोर असलेल्याच्या मात्र तेच पाणी छातीत साचतं. अशा घरी वजनकाटा ठेवा आणि रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरला फोन. रात्री आडवं पडलं की दम लागतो आणि उठून बसावं लागतं, अशी तक्रार आली तर सकाळची वाट बघू नका. किडनीच्या पेशंटनं ‘लो सोडियम’ मीठही स्वतःच्या मनानं आणू नये, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि ते न निघाल्यास हृदयाचे ठोके बिघडतात.